तोजीच्या बाजारातला बांबू

आज २१ तारीख, म्हणजे क्योतोच्या तोजी मंदिरात दर महिन्याला भरणारा कोबोसानचा जुना बाजार. लोक किमोनो नि भांडी बघतात, मी सरळ जुन्या काकेजिकूंच्या, म्हणजे भिंतीवर टांगायच्या गुंडाळी-चित्रांच्या ढिगाकडे!

एका आजोबांनी लांब काठीने चित्र वर टांगलं. रेशमावर पावसात वाकलेला बांबू, त्यावर दोन चिमण्या, बाकी सगळं रिकामं. आधी भिंग काढलं. छापील असेल तर बारीक ठिपके दिसतात. इथे शाई धाग्यांत मुरलेली. आडव्या सुरकुत्या होत्या, खालच्या दांडीचं एक टोक गायब होतं, पण चित्र ठेवायची किरीच्या हलक्या लाकडाची पेटी शाबूत. पेटीवर खुद्द चित्रकाराची सही असली की भाव चढतो. यावर नव्हती, म्हणूनच तर माझ्या खिशाला परवडलं.

"कायमचं लावून टाक ना भिंतीवर," इति नवरोबा. अहो, उजेडाने रंग उडतात! ऋतू बदलला की चित्र उतरवायचं, गुंडाळायचं, दुसरं लावायचं, हीच तर त्यातली मजा. शिवाय बांबू-चिमण्या वर्षभर चालतात.

आता चित्रामागे नव्या कागदाची पाठ चढवून घ्यायची. त्याचा खर्च चित्राहून जास्त येणार, पण तो हिशेब पगार झाल्यावर.