एवढासा बुडबुडा
“गॅस दर वर्साक संपताच मा रे झिला?” काकींनी सहज विचारलं आणि डीप फ्रीजरला गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, जोडणारा माझा हात थांबला.

मालवणातलं मासळीचं दुकान. तीन वर्षं दर मे महिन्यात कोणीतरी येऊन डीप फ्रीजरमध्ये गॅस भरतो, पैसे घेतो, जातो.

काकी, ही सीलबंद सिस्टीम. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय.

उरलासुरला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, नायट्रोजनचं प्रेशर दिलं, साबणाचा फेस लावत गेलो. कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, कोपऱ्यात, खाऱ्या वाऱ्याने हिरव्या पडलेल्या तांब्याच्या जॉइंटवर मोहरीएवढा बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला. काकी वाकून बघतच राहिल्या.

जॉइंट सांधायला ब्रेझिंग, ओलावा शोषणारा नवा फिल्टर ड्रायर, आतली हवा काढायला व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस. अख्खी दुपार गेली, जाऊ दे. यातला गॅस आर-१३४ए, तो हवेत सुटला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त तापमान वाढवतो. आणि काकींचा सुरमईचा माल दर उन्हाळ्यात वाया गेला तो वेगळाच.

तीन वर्षांत एकालाही फेस लावून बघावंसं का वाटलं नसेल?