आजीच्या उंचीवरून घर बघितलं आणि वायरिंगचा प्लॅन बदलला : माझा अनुभव

आमचं गावचं घर आंजर्ल्याकडचं, तालुका दापोली. चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी आणि ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर नि न्हाणी, आणि त्याच्या पाठी नारळ-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात अर्धी कौलं उडाली, एक माड सरळ न्हाणीवर आडवा झाला आणि लाईट यायला महिना लागला. नंतर वर पत्रे टाकून वेळ मारून नेली, पण शेवटी सगळ्या चुलत-आते भावंडांनी पैसे काढले आणि घर नीट करायचं ठरलं. वायरिंगचं काम माझ्या गळ्यात, का तर "तू कॉम्प्युटरवाला ना". मी अकाउंट्समध्ये आहे हो, पण गावाला तो फरक कोण समजावणार.

जुनी वायरिंग म्हणजे लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी, काळी गोल बटणं आणि खाऱ्या हवेने गंजून पावडर झालेले स्क्रू. अख्ख्या घराला अर्थिंग नावालाच. फ्रीज स्वयंपाकघरात आणि त्याची पिन माजघरात, मधे एक्स्टेंशन, त्यावरून सगळे उड्या मारत जायचे.

वायरमन दादांना फोन केला तर ते म्हणाले, पॉइंट किती आणि कुठे कुठे ते लिहून पाठवा, मग बोलू. वाटलं सोपं आहे. पण काकांचं म्हणणं होतं की ओटी आणि माजघराचा चिरा उघडा ठेवायचा, प्लास्टर नको, नुसतं पॉइंटिंग, म्हणजे दगडांमधल्या फटी भरायच्या. दिसायला झकास, पण मग प्रश्न असा की मनात येईल तिथे झिरी (पाइप बसवायची खाच) मारता येत नाही. प्लास्टरच्या भिंतीत चुकलं तर परत फोडून सिमेंट मारता येतं, उघड्या चिऱ्यावर चुकीची झिरी म्हणजे कायमचा व्रण. दादांनी सांगितलं, पाइप वरून भालाच्या, म्हणजे आडव्या तुळईच्या कडेने नेऊ आणि जिथे बोर्ड तिथेच फक्त खाली उतरवू, पण मग बोर्ड नक्की कुठे ते आधी सांगा, मागाहून "जरा इकडे सरकवा" चालायचं नाही. आमच्या घरात अकरा माणसं आणि बोर्ड कुठे यावर मतं चौदा.

म्हणून मी स्वीट होम थ्री-डी उतरवून घेतलं. फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि एका बाजूला नकाशा काढत गेलं की दुसऱ्या बाजूला तेच घर थ्रीडीत उभं राहतं. गणपतीत गेलो होतो तेव्हा टेप घेऊन मापं घेतली, आतेभाऊ टेप धरायला, चुलत बहीण वहीत लिहायला. भिंती पंधरा इंची, कुठे सोळा, जुन्या घरात काटकोन हा प्रकार नसतोच, माजघराची एक भिंत दुसरीपेक्षा पाच इंच जास्त निघाली. कौलारू छपराने मात्र दोन रविवार खाल्ले. शेवटी चपट्या बॉक्स तिरप्या करून कसंतरी छप्पर केलं, आतून बघितलं तर खरं वाटावं इतपत. स्विचबोर्ड म्हणून पण छोट्या पांढऱ्या बॉक्स, जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर. वायरी म्हणून रंगीत रेघा ओढल्या, दिव्यांची लाल, पिनांची (प्लग लावायच्या पॉइंटची) निळी, इन्व्हर्टरची हिरवी. (हिरवा रंग अर्थिंगच्या वायरचा असतो, दादांनी ते बघून कपाळावर हात मारला. मग ती रेघ जांभळी केली.)

पहिला फायदा रेंडरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने घराचा खऱ्यासारखा फोटो काढायच्या आधीच झाला. नकाशात दार टाकलं की ते कुठल्या बाजूला उघडतं त्याचा कमानीसारखा भाग दिसतो. तीन बोर्ड त्या कमानीच्या आत निघाले, म्हणजे दार उघडल्यावर बरोबर पल्ल्याच्या मागे. अंधारात आत या, दार परत लावा, मग बटण शोधा. माझ्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये अस्सच आहे आणि मी नऊ वर्षं ते करतोय.

मग रात्रीचे फोटो काढायला बसलो, आणि इथे दोनदा आपटलो. या सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या क्वालिटीच्या चार पायऱ्या आहेत आणि दिव्यांचा खरा उजेड नि सावल्या फक्त वरच्या दोन पायऱ्यांत येतात. मला माहीत नव्हतं, मी खालच्या पायरीवर फोटो काढत होतो आणि दिव्याची पॉवर कमी-जास्त करत होतो नि काहीच बदलत नव्हतं, एक आख्खी संध्याकाळ गेली. मग वरची पायरी लावली, वेळ रात्री नऊ, आणि घर असं झगमगलं की मी फोटो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे अंगठे आले. आजीला बहिणीने फोन दाखवला तर ती म्हणाली, "आपली ओटी एवढी उजळ कधी होती रे?" मला तेव्हा हसू आलं पण म्हातारी बरोबर होती. फोटोच्या खिडकीत सीलिंगचे दिवे आपोआप घालायची एक टिक असते, ती चालू राहिली होती, म्हणजे प्रत्येक खोलीच्या आढ्याला सॉफ्टवेअरने आपल्या मनाने एक दिवा लावला होता. आमच्या घरात सीलिंगच नाही.

टिक काढली. वर भिंतीही तोवर पांढऱ्या होत्या, तिथे चिऱ्याचा फोटो टेक्स्चर म्हणून चढवला. परत रेंडर, लॅपटॉप रात्रभर पंख्यासारखा घरघरत होता. सकाळी बघितलं तर तेच दिवे, तीच जागा, आणि माजघर म्हणजे गुहा. पांढरी भिंत उजेड खोलीभर परत फेकते, जांभा दगड तो गिळून टाकतो. हे कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी मान हलवली असती आणि विसरलो असतो, पण दोन फोटो शेजारी ठेवल्यावर काकासुद्धा गप्प झाले. तडजोड अशी निघाली की ओटीचा चिरा उघडा, माजघराच्या दोनच भिंती उघड्या आणि बाकीच्या दोनांना प्लास्टर करून चुना. त्यामुळे पाइप लपवायला दोन भिंती मिळाल्या हा दादांचा फायदा.

पंख्याचं प्रकरणही फोटोनेच पकडलं. माजघरात आढ्यापासून लांब रॉड सोडून पंखा, आणि दिवा मी भिंतीवर खूप वर ठेवला होता, पात्यांच्याही वर. रेंडरमध्ये समोरच्या भिंतीवर पंख्याच्या पात्यांची सावली पडलेली, चार बोटं पसरल्यासारखी. फोटोत ती स्थिर असते म्हणून छान पण वाटते. पंखा फिरला की तीच सावली लपलप लपलप करणार आणि खाली कुणी पेपर वाचत असेल तर त्याचं डोकं उठणार. दिवे पात्यांच्या खाली आणले, दीड फूट.

आणि आता आजी. सॉफ्टवेअरमध्ये एक माणूस घरात उभा करून त्याच्या नजरेने फिरता येतं आणि त्याच्या डोळ्यांची उंची बदलता येते. मी सहज आजीची उंची टाकली, ती चार फूट सात इंच, म्हणजे डोळे साधारण १३० सेंटिमीटरवर. रात्रीची वेळ लावून तिच्या कॉटपासून न्हाणीपर्यंत चालत गेलो. कॉटवरून उठलं की पहिलं बटण आठ पावलांवर. ते लावून स्वयंपाकघरात गेलं की माजघराचा दिवा मागे आणि आपलीच सावली पुढे उंबरठ्यावर, आणि तो उंबरठा सहा इंच उंच आहे. न्हाणीच्या बाहेरचा दिवा मी दाराच्या वर लावला होता, तो तिच्या उंचीवरून थेट डोळ्यात. माझ्या उंचीवरून यातलं काही जाणवलंच नव्हतं. अंधारात चाचपडत, भिंतीला हात लावत ती रोज रात्री दोनदा जाते आणि आम्ही तिला "टॉर्च घेत जा" म्हणून ओरडतो.

मग कॉटच्या उशाशी एक बटण आणि स्वयंपाकघराच्या दारात दुसरं, टू-वे, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून लावता-बंद करता येतो. उंबरठ्याच्या बाजूला जमिनीपासून फूटभर उंचीवर एक छोटा दिवा. एवढं एकच चित्र प्रिंट काढून मी दादांना दिलं आणि त्यांनी ते काहीही न विचारता तसंच्या तसं केलं. बाकी रंगीत फोटो त्यांनी बघितले, "मस्त दिसतंय" म्हणाले आणि विचारलं, "मापं कुठायत?" त्यांना हवं होतं ते म्हणजे प्रत्येक भिंतीचा साधा उभा कागद, कोपऱ्यापासून किती, जमिनीपासून किती. तो मी हाताने वहीत काढून दिला.

लोडचं काम तर सगळं त्यांच्या डोक्यातच झालं. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि आठशे वॅट, म्हणून घराची तीन सर्किटं. दिव्यांना दीड एमएमची वायर, पिनांना अडीचची, गीझरला आणि विहिरीवरच्या पंपाला चारची. पंप एकच एचपीचा, म्हणजे साडेसातशे वॅटच्या आसपास, मग एवढी जाड वायर कशाला असं मी विचारलं, तर म्हणाले, विहीर वाडीच्या टोकाला आहे, लांब गेलं की व्होल्टेज पडतं आणि पंप गुरगुरतो नुसता. हे कुठलंही रेंडर सांगत नाही, सॉफ्टवेअरला माझ्या रेघा म्हणजे नुसत्या रेघाच. अर्थिंगचा खड्डा त्यांनी न्हाणीच्या पाण्याजवळ घेतला कारण आमची जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग धरत नाही. माझ्या मॉडेलमध्ये तिथे जास्वंद होती.

सगळ्यात जास्त त्रास इन्व्हर्टरने दिला. निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते बघितल्यावर इन्व्हर्टर हवाच होता. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात तीनशे वॅटला चार-साडेचार तास धरा. त्यावर कुठले दिवे-पंखे घ्यायचे हे मात्र रेंडरवर मजेत ठरलं, बाकीचे दिवे बंद करून फोटो काढला की लाईट गेल्यावर घर कसं दिसेल ते दिसतं. पण इन्व्हर्टर जोडला त्या दिवसापासून माजघरातला दिवा लावला की घराचा आरसीसीबी (शॉकपासून वाचवायला लाईट तोडणारा स्विच) धाडकन पडायचा. दादा दीड दिवस बोर्ड उघडून बघत होते. एका बोर्डात इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला गेला होता. आरसीसीबी काय करतो, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का ते बघतो, ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो त्याला, आणि इथे करंट एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत येत होता, मग त्याला वाटणारच कुणाला तरी शॉक बसतोय. माझ्या नकाशात एका वायरीला एकच रेघ होती, न्यूट्रल मी काढलाच नव्हता. दादांनी माझं चित्र बघून काम केलं असं मी म्हणत नाही, पण त्या चित्राने कामाला मदत तर नक्कीच केली नाही. पुढच्या वेळी काढलं तर इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळ्या रंगात काढेन.

एक गोष्ट मात्र बरी केली. प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलने फोटो काढला, पाइप दिसतोय आणि शेजारी टेप धरलेली. परवा देवघराच्या वर खिळा ठोकायचा होता तेव्हा तोच फोटो उघडला. रेंडर कुणी परत बघितलेले नाहीत.

नंतरच्या गणपतीत खरी परीक्षा झाली. मखराची रोषणाई, मिक्सर, पाण्याचा पंप, बावीस माणसांचे मोबाइल, आणि एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) एकदाही पडला नाही. आजी आरतीनंतर उशाचं बटण लावते नि बंद करते, उगाचच, दोन-तीनदा. फक्त पडवीत एकही पिन नाही. अकरा माणसांनी चौदा मतं दिली आणि पडवी कुणाच्याच लक्षात आली नाही, जिथे सगळं घर दिवसभर बसतं. तिथे आता ओटीवरच्या बोर्डातून एक्स्टेंशन काढून खिडकीच्या गजातून आणलंय, मच्छरचं मशीन आणि काकांचा फोन त्यावर. मी गेलो की काका त्या वायरीकडे बोट दाखवतात, "हे होतं का रे तुझ्या थ्रीडीत?"