तुम्ही विचारलंत म्हणून: तिला बाळाची माया नाही का?

बाळाचं वजन झालं, नाळ बघून झाली, चहा झाला, की घरातलं कुणीतरी मला दारापर्यंत सोडायला येतं. कधी सासू, कधी माहेरची आई. उंबऱ्याशी आवाज खाली जातो. "सिस्टर, पोरगी बाळाला जवळ घेईनाच झालीय. माया नाही काय हिला?" खानापूरच्या जंगलाकडची वाडी असो, निपाणीतली गल्ली असो की बेळगावातला फ्लॅट, हा प्रश्न मला इतक्या दारांत विचारला गेलाय की एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हणते.

माझं उत्तर असं: तिला माया आहे की नाही याचा निवाडा इतक्यात करू नका. आणि निवाडा होईपर्यंत बाळ तिच्यापासून उचलून नेऊ नका.

पान्हा फुटला की माया फुटलीच, असं आपण धरून चालतो. लंडनमध्ये रॉबसन आणि कुमार या संशोधकांनी आयांना विचारलं होतं, बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं? १९८० साली त्यांनी जे छापलं ते प्रत्येक प्रसूती वॉर्डाच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं. पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणी म्हणाल्या, विशेष काहीच वाटलं नाही. आधीचं मूल असलेल्यांतही चौथा हिस्सा तेच म्हणाला. पुढच्या आठवडाभरात बहुतेकींना ओढ लागली. त्याआधी अमेरिकेत क्लाउस आणि केनेल या दोन डॉक्टरांनी जन्मानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात असं मांडलं होतं. त्याचा फायदा नक्की झाला. बाळाला लगेच वेगळ्या खोलीत नेण्याची रीत मोडली. पण ते तास हुकले म्हणजे सगळं हुकलं, हे खरं नाही आणि पुढे त्या दोघांनीही आपलं म्हणणं सौम्य केलं. सिझर झालेली, बाळ काचेच्या पेटीत असलेली किंवा कळांनी पार थकून गेलेली बाई पहिल्या दिवशी बाळाकडे पाठ करून झोपली, तर तिला झोपू द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडूही वेगळं. वार पडली की शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात आणि निम्म्याहून जास्त बाळंतिणींना कारण नसताना भरून येतं. "रडू नको, दूध आटेल" म्हणून तिला आणखी घाबरवू नका. हे साधारण दोन आठवड्यांत आपोआप निवळतं.

दोन आठवड्यांनंतरही निवळलं नाही, तर मात्र मी सावध होते. नैराश्य असं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. बायका म्हणतात, कशात मन लागेना, छातीत धडधडतंय, डोकं जड झालंय, मनात काहीबाही येतंय. बाळ झोपलं तरी हिला झोप येत नाही. ताट पुढे असतं, घास उतरत नाही. बाळाला दूध पाजते, लंगोट बदलते, सगळं वेळेवर करते, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. अशी बाई घरच्यांना शहाणी वाटते, कारण ती तक्रार करत नाही. मला तिचीच जास्त काळजी वाटते.

इथे घरची माणसं चांगल्या मनाने एक गोष्ट करतात, आणि तीच मला अडवायची असते. बाळ आजीकडे जातं. आंघोळ आजी घालते, तेल आजी लावते, रात्री बाळ आजीच्या कुशीत आणि वरचं दूध बाटलीतून. बाळंतीण बाजेवर भिंतीकडे तोंड करून. तिला विसावा मिळावा हा हेतू खरा असतो. पण तिला जे आधीच वाटत असतं, की आपण या लेकराच्या काही कामाच्या नाही, त्यावर घर शिक्का मारतं. विसावा द्यायचाच तर भांडी काढून घ्या, पाहुणे थांबवा, बारशाचा घाट लांबवा. रात्री एक वेळ बाळ दुसऱ्याने सांभाळावं म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल. झोप हे यात मोठं औषध आहे. दिवसा मात्र बाळ तिच्या अंगावर राहू द्या. आजीने आंघोळ घालावी, पण पुसून बाळ तिच्या उघड्या छातीवर द्यावं आणि वरून दोघांवर दुलई टाकावी. तान्ह्याला वीस-तीस सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा. तिचा आवाज त्याने पोटातच ऐकलेला असतो, तो त्याला इतर आवाजांतून ओळखू येतो. हे मी बाळंतिणीला दाखवते. तिला बोलायला सांगते आणि बाळ तिकडे मान वळवतं का बघ म्हणते. "हे मला ओळखतंय?" असं विचारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ओढ अशा गोष्टींतून येते, उपदेशातून येत नाही.

आपल्या भागाची एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजकडच्या कितीतरी मुली सीमेपलीकडे कर्नाटकात, खानापूर-हुक्केरीकडे दिलेल्या असतात. बाळंतपणाला त्या माहेरी जातात. गरोदरपणाची नोंद असलेलं तायी कार्ड कर्नाटकाचं, घरी येणारी आशा सेविका महाराष्ट्राची. आशाच्या भेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या, नंतर तीन-तीन महिन्यांनी. मुलगी बाळ घेऊन सासरी परतते ती चौथ्या-पाचव्या महिन्यात, पुन्हा सगळं काम अंगावर घेऊन. नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतं, आणि नेमक्या त्या वेळी तिची चौकशी करणारं कुणी नसतं. त्यात सासरच्या दवाखान्यात कन्नड. डॉक्टरांनी मन कसं आहे विचारलं तर मराठीत करून कोण सांगणार? सासू नाहीतर नवरा. ज्यांच्याबद्दल सांगायचं, त्यांच्याच तोंडून ती कसं सांगेल? मराठी घरात आलेल्या कन्नड सुनेचंही हेच होतं. म्हणून मी घरच्यांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगते. रागावतात कधी. चालतं मला.

चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात सापडल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही त्यामागची कारणं. तेव्हा 'हिला माया नाही' म्हणण्याआधी, मुलगी झाल्यावर घरात कोण काय बोललं ते आठवा. तिच्या मनात काही बिघडलं असेल, तर त्यात आपल्या बोलण्याचा वाटा किती, हे मी दारात विचारतेच.

आणि हे बरं होतं. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्य सेविकांना नैराश्यातल्या आयांशी कसं बोलायचं ते शिकवलं. २००८ साली त्याचे आकडे आले: सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के आया अजून नैराश्यात होत्या, असं न शिकवलेल्या सेविकांच्या गटात ५३ टक्के. नुसत्या बोलण्याने भागलं नाही तर गोळ्या असतात. सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध दुधात फार थोडं उतरतं. पाजणाऱ्या आईला औषध चालतच नाही, हे ऐकून घरी बसू नका, डॉक्टरांना विचारा. रक्त आणि थायरॉईडही तपासून घ्या. १४४१६ हा टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर दिवसरात्र मोफत आहे. ही सेवा २० भाषांत चालते, त्यात मराठी आहे.

एका गोष्टीत मात्र एक दिवसही थांबू नका. हजारात एक-दोघींना पहिल्या दोनेक आठवड्यांत झोप पूर्ण उडते, असंबद्ध बोलणं सुरू होतं, बाळ आपलं नाही किंवा त्याच्यात काही शिरलंय असं वाटतं. किंवा कुणी मरणाचं, बाळासकट संपवण्याचं बोलते. हे बाहेरचं नव्हे. देवऋषी नको, त्याच दिवशी मोठा दवाखाना. तिला आणि बाळाला दोघांनाच ठेवू नका, कुणीतरी सतत सोबत हवं. अशा आयांना बाळासह ठेवून घेणारा विभाग बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोरुग्णालयात २००९ पासून आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये. धोका असेल तरच काही काळ वेगळं ठेवावं, दर १५ दिवसांनी फेरविचार करावा, आणि तेव्हाही देखरेखीखाली तिला बाळ भेटू द्यावं. तेव्हा भरती करताना कुणी "बाळ घरी ठेवून या" म्हणालं, तर कशासाठी, किती दिवस आणि तिला भेटवायला कधी आणायचं, हे तिथेच विचारून घ्या.