टर्बोसाठी जाड गॅस्केट? आधी फट मोजा

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) बसवायचा म्हटलं की इंदूरच्या गॅरेजांत हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "जाड गॅस्केट टाका, कॉम्प्रेशन उतरेल." हेड आणि ब्लॉकच्या मधलं हे पॅकिंग जाड केलं की कॉम्प्रेशन उतरतं, पण किती ते बघा. ८६ बाय ८६ मिमीचं (सिलिंडरचा व्यास बाय पिस्टनची धाव) इंजिन घ्या. एका सिलिंडरचे साधारण ५०० सीसी. कॉम्प्रेशन १० असेल, म्हणजे मिश्रण दहापट दाबलं जात असेल, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ५५.५ सीसी. गॅस्केटचं भोक ८७ मिमी धरलं तर ०.७ऐवजी १.३ मिमीचं गॅस्केट टाकून वाढतात साडेतीन सीसी. कॉम्प्रेशन येतं ९.४५ वर. एवढंच!

याची किंमत मात्र मोठी. पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) ०.३ मिमी खाली थांबत असेल, तर पिस्टन आणि हेडमधली कडेची फट १ मिमीवरून १.६ मिमी होते. १ मिमीला कडेचं मिश्रण दाबून प्लगकडे ढकललं जातं, घुसळतं, झटकन जळतं. फट वाढली की ते कडेलाच रेंगाळतं आणि शेवटी आपणहून पेटतं, यालाच नॉकिंग म्हणतात. म्हणजे ज्या नॉकिंगला घाबरून गॅस्केट जाड केलं, तेच वाढतं. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो, तेव्हा तर फारच. म्हणून डायल गेजने डेक मोजा, दाबल्यानंतरच्या जाडीवर गॅस्केट निवडा, फट १ मिमीच्या आसपास ठेवा. कॉम्प्रेशन उतरवायचं काम खोलगट पिस्टनचं.

प्रकार विचाराल तर बूस्टला (टर्बोच्या जादा दाबाला) मल्टीलेयर स्टील, म्हणजे स्टीलच्या पातळ थरांचं गॅस्केट. तांब्याचं गॅस्केट रेसच्या इंजिनाला ठीक, रोजच्या गाडीत ते पाणी झिरपवून जीव खातं.

स्टीलच्या गॅस्केटला पृष्ठभाग ०.८ मायक्रॉन आरए (खरखरीतपणाचं माप) किंवा त्याहून गुळगुळीत लागतो. स्ट्रेट एजखाली (अचूक सरळ पट्टीखाली) ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पाती) कुठेही शिरता कामा नये. हेड फेसिंगला (सपाट करून घ्यायला) जातं आणि ब्लॉक तसाच राहतो, चूक नेमकी इथे होते. ब्लॉकवर खरखरीत डिस्क तर चुकूनही फिरवू नका. तिची भुकटी तेलातून थेट बेअरिंगमध्ये जाते.

बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करा. तळाशी तेल-पाणी राहिलं तर टॉर्क खोटा दाखवतो, कधी ब्लॉकही तडकतो. ताणून बसणारे बोल्ट एकदाच वापरायचे. स्टड (बोल्टऐवजी वापरायचे, वर नट लागणारे दांडे) हातानेच बसवा, नटखाली स्टडसोबत आलेलं ग्रीसच लावा, कारण टॉर्कचा आकडा त्यावरच ठरलेला असतो.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा ट्रॅक असो की नुसता डायनो (ताकद मोजायचं यंत्र), इंजिन खोललं की जुनं गॅस्केट फेकू नका. बोअरच्या कड्यावरून बाहेर गेलेली काळी रेघ दिसली तर हेड उचललं गेलंय. तेव्हा गॅस्केटचा ब्रँड बदलून उपयोग नाही, आधी नॉकिंग आणि बोल्टची पकड तपासा.