तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो का नको, टाइप करून का हवं?

सोसायटीच्या ग्रुपवर, भावंडांच्या ग्रुपवर आणि शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मला एकच प्रश्न फिरून फिरून येतो. कुणी छापील मजकुराचा फोटो टाकला की मी खाली लिहिते, "टाइप करून पाठवाल का?" मग विचारणा होते, "अहो, स्पष्ट वाचता येतंय की! परत टाइप कशाला करायचं?" उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून दर वेळी राहून जातं. आज नीट सांगते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या इमारतीची पाण्याची टाकी धुवायची होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पाणी बंद. नोटीस फलकावर लागली आणि तिचा फोटो ग्रुपवर आला. सगळ्यांनी अंगठे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे काका रिकामी कळशी घेऊन जिन्यात उभे होते. घरात पिण्यापुरतंसुद्धा पाणी भरलेलं नव्हतं.

काकांना दिसत नाही. ते फोन टॉकबॅकवर वापरतात. बोट जिथे टेकेल तिथलं फोन मोठ्यानं वाचतो. ग्रुपवरचा एकूण एक मेसेज ते ऐकतात, उत्तरंही देतात. कुणाच्या नातवाचा वाढदिवस कधी हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. त्या नोटिशीवर बोट टेकलं तेव्हा फोन म्हणाला, "फोटो". बस्स. काकांना वाटलं, कुणीतरी सकाळचं फुलांचं चित्र पाठवलं असेल. "मीच विचारायला हवं होतं," असं ते म्हणाले, आणि त्या वाक्यानं मला जास्त लागलं. दिवसाला वीस-पंचवीस फोटो येतात. प्रत्येकाखाली "यात काय लिहिलंय हो?" असं एका माणसानं किती वेळा विचारायचं?

तेव्हापासून मी प्रत्येक ग्रुपवर टाइप केलेला मजकूर मागते. पण या गोष्टीशी माझं नातं त्याहून जुनं आहे.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम, करायचे. पेजमेकर उघडायचा, मराठी फॉन्ट निवडायचा आणि भराभर मजकूर ओढायचा. बाबा एका साप्ताहिकात सदर लिहीत. त्यांचे चौतीस लेख मीच रात्री बसून टाइप केले होते. बाबा गेल्यावर काही वर्षांनी, २०१७ साली, मी त्या फाइली सीडीवरून उघडल्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं यांची रांग दिसली. बाबांचा एक शब्द म्हणून वाचता येईना.

कारण मला माहीत होतं, पण ते असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असायचं. आपल्याला 'क' दिसायचा, संगणकाच्या लेखी मात्र ते एखादं इंग्रजी अक्षरच असायचं. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट गेला की चित्र गेलं, आणि हाती उरली ती इंग्रजी अक्षरं. म्हणजे मी वर्षानुवर्षं मराठी टाइप करत होते, पण त्या यंत्रात मराठी कधी शिरलीच नव्हती.

युनिकोडनं, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीनं, हे बदललं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक मूळ अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'ळ'चा क्रमांक जगातल्या कुठल्याही फोनवर 'ळ'चाच असतो, फॉन्ट कोणताही असो. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, पण घरातल्या संगणकावर ती सहज यायला विंडोज २००० पर्यंत थांबावं लागलं. इतक्या वाटेनं आपली अक्षरं यंत्रात खरोखरची अक्षरं म्हणून पोहोचली आणि आता आपणच त्यांचे फोटो काढून पुन्हा चित्रं करतो आहोत. माझं दुखणं हे आहे.

चित्र झालं की काय जातं ते सांगते. आधी शोध जातो. गेल्या वर्षी मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा पत्ता हवा होता. ग्रुपवर 'सहस्रचंद्र' शोधलं तर सापडले ते "सहस्रचंद्राला येणार ना?" असे नऊ मेसेज, पत्ता मात्र आमंत्रणपत्रिकेच्या फोटोत होता. शेवटी रात्री साडेदहाला मावशीच्या सुनेला फोन केला. (टाइप केलेल्या मजकुरातही शोध कधी अडतो. 'ॲप'मधल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. त्याआधी 'अ'वर वेगळा चंद्र ठेवत, आणि अजूनही कित्येक जण तसंच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं बहुधा सापडत नाही.)

मग वजनाचं बघा. युनिकोडमधलं देवनागरीचं एक चिन्ह साधारणपणे तीन बाइट घेतं. पाचशे चिन्हांची नोटीस म्हणजे दीड हजार बाइट. तिचाच फोटो सहज शंभर पट जड होतो. गावाकडे रेंजची एक काडी असते तिथे मजकूर पोहोचतो आणि फोटो गोल गोल फिरत राहतो. माझ्या भावानं गावाकडून दोन वेळा कळवलंय, "ताई, काय पाठवलंस ते उघडत नाही."

मला म्हणतात, आता गूगल लेन्स आहे, फोटोतला मजकूर उचलता येतो. येतो, मीही वापरते. पण भ-म, घ-ध यांत गफलत होते, फिकट छपाईत अनुस्वार गळतो, आणि 'ख'चा 'रव' झालेला मी पाहिला आहे. प्रूफं तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे मला ते दिसतं, घाईत असलेल्याला दिसेलच असं नाही. शिवाय साठ जणांच्या ग्रुपवर एकानं पाच मिनिटं टाइप करायचं, की गरज पडेल त्या प्रत्येकानं लेन्स लावत बसायचं? पाठवणाऱ्यानं थोडे कष्ट घ्यावेत असं मला मनापासून वाटतं, कारण मजकूर समोर असतो त्याच्या, आणि काय महत्त्वाचं आहे तेही त्यालाच ठाऊक असतं.

मराठी टाइप करता येत नाही, ही अडचण मात्र खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पण २०१७ पासून गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिता येतं. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या माइकचं चिन्ह दाबतात, सावकाश बोलतात आणि पडद्यावर उमटलेलं एकदा वाचून बघतात. पूर्णविराम हातानं द्यावे लागतात, कधी एखादा शब्द भलताच येतो, पण 'ळ' आणि 'ण' अचूक येतात. हे त्यांना शिकवायला मला दोन दुपारी लागल्या. इमारतीत कुणालाही शिकवायला मी तयार आहे, हेही इथेच सांगून ठेवते.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या दिवशी, मला सर्वांत जास्त वाटतं ते याचंच. सकाळपासून कवितांची सुंदर सजवलेली चित्रं येत राहतात. भाषेवरच्या प्रेमानंच लोक पाठवतात, यात शंका नाही. पण त्यातली एकही ओळ काकांच्या फोनला वाचता येत नाही. एखाद्या मुलीला पुढे त्या कवितेतला एकच शब्द आठवला, तर त्या शब्दावरून ते चित्र तिच्या हाती लागणं कठीण. आपण वर्षभर ज्या मराठीचं प्रेम सांगतो, ती त्या दिवशी मुकी होऊन फिरते.

सगळेच फोटो नकोत असं मी म्हणत नाही. आईनं जुन्या डायरीच्या पानावर लिहिलेलं चकलीच्या भाजणीचं प्रमाण मी फोटो म्हणूनच जपलंय. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, मुगाची एक, उडदाची अर्धी. 'भाजणी'तल्या 'भा'ची तिची गाठ, पानावरचा तेलाचा डाग, हे टाइप करून कसं येईल? पण तो फोटो भाच्यांना पाठवताना खाली प्रमाण लिहूनही दिलं. ऐन दिवाळीत, पीठ लागलेल्या हातानं, "भाजणी" एवढंच शोधून त्यांना ते मिळतं. फोटोखाली चार ओळी लिहिल्या तरी माझं मागणं पुरं होतं.

सोसायटीत आता नोटिशीच्या फोटोखाली मजकूर येतो. टाकी पुन्हा धुतली तेव्हा "मी दोन बादल्या भरून ठेवल्यात" हा पहिला मेसेज काकांचा होता.

बाबांच्या त्या फाइलींचं पुढे काय झालं तेही सांगते. छापखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे तो फॉन्ट सापडला, आणि मांडणी ओळखून युनिकोडमध्ये बदलणारं साधनही मिळालं. तरी काम हातानंच करावं लागतं. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफारही भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून एकेक ओळ छापील कात्रणाशी ताडून बघते, आणि कात्रण नसेल तिथे बाबा काय म्हणाले असते ते आठवते. तेरा लेख झाले. काल रात्री चौदाव्यात 'मार्ग'चा रफार जागेवर आणला आणि ती ओळ काकांना पाठवली. त्यांनी फोनकडून वाचून घेतली आणि पुढची मागितली.