खुनी आधी, कोडं नंतर

येत्या शनिवारी आमच्याकडे गेम नाईट आहे आणि यावेळी खुनाचं कोडं मी स्वतः बनवतेय, कारण विकतच्या खेळांमधले बंगले, बटलर वगैरे बघून आता कंटाळा आलाय. आपला वाडा काय वाईट आहे? तात्या माडीवर मरून पडलेत, डोक्यात वरवंटा. संशयित चार: भाचा, मुनीम, वैद्यबुवा आणि स्वयंपाकाच्या मावशी. जागा चार, ओटी, माजघर, माडी, परस, एका जागी एकच माणूस, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू: अडकित्ता, वरवंटा, विळी, बत्ता. लाइट गेलेली. (हे सुचायला आपल्याकडे फार डोकं लागत नाही.)

लोकांना वाटतं आधी क्लू सुचतात, मग त्यातून खुनी निघतो. उलट असतं. आधी कोण कुठे होता आणि हातात काय होतं हे ठरवून टाकायचं, मग क्लू लिहायचे आणि मग बसायचं खोडरबर घेऊन. कारण चार माणसं चार जागी बसवायच्या २४ रीती, चार वस्तू वाटायच्याही २४, म्हणजे २४ गुणिले २४, ५७६ शक्यता, आणि त्यातली एकच उरली पाहिजे. दोन उरल्या तर कोडं फसलं, आणि आमच्या ग्रुपात असे लोक आहेत की ती दुसरी ते बरोब्बर शोधणार आणि रात्रभर त्यावरून बोलणार.

माझा नियम एकच, खोटं फक्त खुनी बोलतो. मुनीम म्हणतो मी ओटीवर होतो. वैद्यबुवा म्हणतात छे, ओटीवर मीच होतो. भाचा म्हणतो अडकित्ता ओटीवरच्या माणसाकडे होता. मावशी म्हणतात वैद्यबुवांच्या हातात बत्ता तरी होता नाहीतर वरवंटा तरी. आता बघा, मुनीम आणि वैद्य दोघं एकाच जागी असू शकत नाहीत म्हणजे एकजण खोटारडा, म्हणजे खुनी या दोघांतलाच, म्हणजे मावशी आणि भाचा दोघंही खरं बोलतायत!! पुढचं तुम्ही काढा. यातलं एकही वाक्य काढलं तरी गाडी अडते, मी एकेक झाकून बघितलंय, आणि खरी मेहनत तीच आहे. हेतू वगैरे (भाच्याला प्रॉपर्टी हवीय, मुनिमाने पैसे खाल्लेत) मी टाकलेत, पण ते निव्वळ मजेसाठी. तरी सगळे आधी भाच्यालाच पकडणार हे मी आत्ताच सांगते.

ताई आणि भावोजींवर ट्रायल घेतली. मावशींच्या वाक्याच्या जागी तेव्हा "वैद्यबुवा पान खात नाहीत" असं होतं, म्हणजे अडकित्ता त्यांच्याकडे नसणार. ताई लगेच, "पप्पा कुठे पान खायचे गं, पण आजीला सुपारी कातरून तेच द्यायचे की." गेलं ते वाक्य. लॉजिकच्या कोड्यात सवयीवर, स्वभावावर टेकून चालत नाही, जे चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच खरं. भावोजींचं म्हणणं विळी माजघरात असणार हे उघडच आहे. उघड बिघड काही नाही, म्हणून "परसात विळी नव्हती, आणि भाच्याच्या हातातही नव्हती" अशी एक चिठ्ठी वेगळी घातली. खुनी सापडायला ती लागत नाही, पूर्ण तक्ता भरायला लागते.

चिठ्ठ्या कोणाला कुठली द्यायची हेही मी ठरवूनच ठेवणारे. दाखवायची नाही, फक्त वाचायची. मावशींची चिठ्ठी जाणार आमच्यातल्या सगळ्यात गप्प माणसाकडे, नाहीतर दोन बडबडे मिळून दहा मिनिटांत संपवतात आणि बाकीचे नुसते चिवडा खात बसतात.

हे जमलं तर पुढचं एसटीत करायचंय, रात्रीची गाडी, पाच जण, पाच सीटा, पाच वस्तू. तिथे १४,४०० शक्यता होतात, खोडरबर जास्त आणावे लागतील.