सहा मिलिमीटर

आमच्या लॅबमध्ये सहा म्हणजे शून्य. जंतूंच्या प्लेटवर अँटिबायोटिकची डिस्क ठेवायची आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ पट्टीने मोजायचं; पण डिस्कचाच व्यास ६ मिमी असतो. तिच्याभोवतीचा एकही जंतू मेला नाही तरी पट्टीवर ६ येतात, आणि आम्ही तेच लिहितो.

त्या सकाळी सगळ्याच डिस्कना ६ आले. आयसीयूतलं ब्लड कल्चर. मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी, बुळबुळीत कॉलनी. कॉलनीला लावलेली लूपची कडी उचलली की चिकट तार सुटायची. क्लेब्सिएला जंतूच. पण मेरोपेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकलाही ६? औषध चालेल म्हणायला किमान २३ लागतात. इथे जंतूंची साय थेट डिस्कच्या कडेला टेकलेली.

संशय आला तो डिस्कचा. फ्रीजमधली बाटली गार असतानाच उघडली की आत दमट होतं, औषधाचा कस जातो; आणि घाईत कोणी ना कोणी ते करतंच. नवी बाटली काढली, कंट्रोल म्हणून, म्हणजे डिस्क तपासायला, औषधांना दबणारा नेहमीचा गरीब ई. कोलाय लावला. कोलिस्टिन या हाताशी उरलेल्या औषधाची डिस्क लावण्यात अर्थ नसतो; रेणू मोठा, प्लेटवरच्या अगारच्या जेलीतून नीट पसरत नाही. ते ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, निम्मं-निम्मं पातळ करत लावलं. फोन मात्र केला नाही. चुकीचा रिपोर्ट जाण्यापेक्षा एक दिवस थांबलेलं बरं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कंट्रोल ३०, पेशंटचा ६. कोलिस्टिन मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम असूनही ब्रॉथ गढूळ, म्हणजे जंतू वाढलेलेच. ४ लाच आम्ही रेझिस्टंट म्हणतो.

"एक तरी 'एस' असेल ना?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं. 'एस' म्हणजे सेन्सिटिव्ह, लागू पडणारं औषध.

"नाही, सर."

"मग काल का नाही कळवलंत? औषध नव्हतंच, पण पेशंटला वेगळं तरी ठेवलं असतं."

हेच डॉक्टर अँटिबायोटिकचे दोन डोस देऊन झाल्यावर रक्त पाठवतात, फॉर्मवर नुसतं 'ताप' लिहितात. ते ओठांवर आलं होतं. गिळलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

२०१९ मध्ये अशा जंतूंमुळे जगात थेट सुमारे १२.७ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. हा आकडा मी नव्या मुलांना दरवर्षी सांगते. आमचा पेशंट तिसऱ्या दिवशी गेला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारच्या बेडवरची लघवी आली. प्लेटवर तीच तार. हा जंतू त्या एका दिवसात तिकडे गेला, की आधीच गेला होता? हातातला लूप तसाच ठेवून मी आयसीयूला फोन लावला. डिस्क अजून लावायच्या होत्या.